सोळा माइक, सहा कान

गाण्याच्या ग्रुपमध्ये मिक्सर घ्यायचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती चॅनलचा घ्यायचा?" कुणी बारा म्हणतं, कुणी सोळा, ज्याला पुढेमागे ब्रास सेक्शन घ्यायची हौस आहे तो चोवीसवर अडून बसतो. प्रश्न रास्त आहे, पण अर्धाच आहे. चॅनल म्हणजे मिक्सरमध्ये आत येणाऱ्या वाटा. बाहेर जाणाऱ्या वाटा किती, त्या कुणाकुणाच्या कानापर्यंत पोचतात आणि त्यांवरून काय जावं हे किती झटकन ठरवता येतं, हा उरलेला अर्धा भाग. कार्यक्रम रंगला की मध्यंतरात विंगेत वादावादी झाली, याचं मूळ बहुतेक वेळा या दुसऱ्या अर्ध्यात सापडतं. प्रेक्षकांकडे जाणारा आवाज बिघडला तर साउंडवाला ऐकतो आणि सुधारतो. वादकाकडे जाणारा आवाज बिघडला तर वादनच बिघडतं, आणि ते कुठल्याही फेडरने सुधारत नाही.

या मापाने छोटे डिजिटल मिक्सर पाहायला घेतले, तर बेहरिंगर कंपनीचा एक्सआर १८ बारकाईने पाहण्यासारखा आहे. २०१४ साली जाहीर झालेलं हे यंत्र आता नवं राहिलेलं नाही. त्याच्याहून देखणे, वेगवान, पडदा असलेले मिक्सर बाजारात आले आहेत. तरीही आठ-दहा जणांच्या बँडला काय लागतं आणि काय नसलं तरी चालतं, याचा इतका स्वच्छ विचार फार थोड्या यंत्रांत दिसतो.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला तो मिक्सर वाटतच नाही. ना फेडरची रांग, ना रंगीत नॉब, ना पडदा. एका हातात सहज उचलता येईल अशी काळी पेटी, आणि तिच्या दर्शनी बाजूवर नुसती भोकं. सोळा कॉम्बो जॅक, म्हणजे माइकची एक्सएलआर पिनही त्यातच बसते आणि कीबोर्डची जाड जॅक पिनही. त्यांतल्या पहिल्या दोनांत गिटार थेट लावता येते, मधे सिग्नल जुळवणारा डीआय बॉक्स लागत नाही. सतरा आणि अठरा या दोन लाइन इनपुट वेगळ्या. बाहेर जायला सहा ऑक्स, म्हणजे वादकांच्या मॉनिटरकडे जाणाऱ्या वाटा, आणि प्रेक्षकांकडे जाणारे मेनचे लेफ्ट-राइट, सगळे एक्सएलआर. फिरवता येईल असा नॉब सबंध पेटीवर एकच, हेडफोनच्या आवाजाचा. बाकी सगळा कारभार टॅब्लेट, फोन किंवा लॅपटॉपवरून.

या रूपाचा पहिला फायदा गाडीच्या डिकीत कळतो. जुन्या पद्धतीत मिक्सर प्रेक्षागृहाच्या मागे आणि माइक पुढे, म्हणून दोहोंमध्ये मल्टिकोर केबलचं ते जाडजूड भेंडोळं पसरावं लागायचं. ते वाहायचं, पसरायचं, त्यावर टेप मारायची, कार्यक्रम संपल्यावर गुंडाळायचं. इथे मिक्सरच रंगमंचावर, विंगेच्या कडेला किंवा ड्रमच्या मागे. माइकच्या केबली पाच-सात मीटरच्या पुरतात. एका सत्रात नाटक आणि पुढच्या सत्रात वाद्यवृंद अशी पाळी असलेल्या नाट्यगृहात मंच ताब्यात आल्यापासून पडदा उघडेपर्यंत किती वेळ हातात असतो, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

ही कल्पना बेहरिंगरला एकाएकी सुचलेली नाही. यामाहाने १९८७ मध्ये डीएमपी ७ काढला, त्यात मोटरवर चालणारे फेडर होते. त्याच कंपनीच्या १९९४ मधल्या प्रोमिक्स ०१ ने डिजिटल मिक्सर छोट्या स्टुडिओंच्या आवाक्यात आणला. पुढे २०१० मध्ये आयपॅड आला आणि २०१२ मध्ये मॅकीने डीएल १६०८ काढला, त्यात आयपॅड सरकवून बसवायचा आणि तोच मिक्सरचा चेहरा. त्याच वर्षी बेहरिंगरचा एक्स ३२ आला. एक्सआर १८ हे या सगळ्यांचं पुढचं पाऊल. आयपॅडला जागा ठेवण्यापेक्षा त्याला पेटीतून साफ बाहेरच काढलं आणि यंत्रात फक्त तेच ठेवलं जे तारांना लागतं.

आता आत शिरू. माइकचा सिग्नल सर्वांत आधी पोचतो प्रीअँपपाशी. यातले सोळाही प्रीअँप मायडासच्या आराखड्याचे आहेत. मायडास ही मोठ्या दौऱ्यांच्या कन्सोलसाठी नावाजलेली ब्रिटिश कंपनी, आणि २००९ च्या डिसेंबरात ती बेहरिंगरच्या मालकांच्या ताब्यात आली. स्वस्त मिक्सरमध्ये गेन वाढवला की मागे एक बारीक सर्रर्र सुरू होते, आणि बासरीसारख्या हळू वाद्याला ती फार जाचते. इथे ती जाणवत नाही. बासरीवाला लांब सूर धरून तो विरत नेतो, तेव्हा फुंकर ऐकू येते आणि फुंकरीच्या मागे शांतता राहते. या किमतीच्या यंत्राला एवढं जमलं तरी पुष्कळ.

पण इथेच नव्या माणसाचा पाय घसरतो. अॅनलॉग मिक्सरवर हात बसलेले लोक कार्यक्रम चालू असताना गेनला हात लावतात. डिजिटलमध्ये हा गेन टाकीच्या मुख्य कॉकसारखा आहे. तो पिळला की घरातल्या सगळ्या नळांचं पाणी एकदम बदलतं. गायिकेचा आवाज प्रेक्षकांत कमी वाटतो म्हणून गेन वाढवला, की तिच्या मॉनिटरमध्ये, तबलजीच्या मॉनिटरमध्ये, कीबोर्डवाल्याच्या इअरफोनमध्ये, सगळीकडे तो एकाच वेळी चढतो आणि कुठेतरी शिट्टी वाजते. शिवाय डिजिटल दुनियेत शून्य डेसिबलची रेषा म्हणजे भिंत. तिच्यावर आपटलेला आवाज गोड फाटत नाही, कर्कश फाटतो. म्हणून साउंडचेकला गायकाला सगळ्यात जोराची ओळ म्हणायला लावायची, सरासरी पातळी वजा अठराच्या आसपास ठेवायची आणि मग गेन विसरून जायचा. पुढचं सगळं फेडरवर.

एक खरीखुरी मांडणी घेऊन पाहू. आपल्याकडच्या नेहमीच्या वाद्यवृंदाचे सोळा चॅनल असे भरतात: तबला आणि डग्गा, दोन माइक. ढोलकीला दोन. ऑक्टोपॅडचे लेफ्ट-राइट दोन, कीबोर्डचे दोन. बास गिटार, लीड गिटार, बासरी, हार्मोनियम प्रत्येकी एक. तीन गायक आणि एक निवेदक. झाले बरोबर सोळा. तानपुऱ्याचं अॅप किंवा ट्रॅक वाजवायचा असेल तर सतरा-अठरा आहेतच. यादी पुरी झाली, दुकानदार खूश, ग्राहकही खूश. पण आता दुसरी यादी करायची: कुणाला काय ऐकायचंय?

गायकांना स्वतःचा आवाज आणि सूर देणारी हार्मोनियम हवी. तबलजीला गायक आणि कीबोर्ड हवा, स्वतःचा तबला त्याला ऐकू येतोच. ऑक्टोपॅडवाल्याचं उलट: त्याच्या वाद्याला स्वतःचा आवाजच नाही, मॉनिटर बंद पडला तर तो प्लास्टिकवर काठ्या आपटत बसतो. बासवाल्याला ताल हवा, बासरीवाल्याला ताल फार नको. निवेदकाला फक्त स्वतःचे शब्द. म्हणजे सोळा आवाज आणि किमान सहा वेगवेगळे कान. एक्सआर १८ ला ऑक्सही सहाच आहेत. पुढच्या गायकांसाठी एक, निवेदकासाठी एक, तबला-ढोलकीसाठी एक, ऑक्टोपॅड-कीबोर्डसाठी एक, गिटार-बाससाठी एक, बासरी-हार्मोनियमसाठी एक. आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या वाटांचं हे प्रमाण हाच या यंत्राचा खरा गुण. याच मालिकेतल्या धाकट्या एक्सआर १६ ला माइकचे प्रीअँप आठ आणि ऑक्स चार. एक्सआर १२ ला प्रीअँप चार आणि ऑक्स दोन. नावातला आकडा फारसा घटलेला दिसत नाही, पण प्रीअँपचा हिशेब निम्म्यावर आणि पावावर येतो. पेटीवरचा आकडा वाचून खरेदी करणारा नेमका इथे फसतो. इफेक्टसाठी लागणाऱ्या चार वाटा एक्सआर १८ मध्ये वेगळ्या आहेत, त्या या सहांतून कापल्या जात नाहीत, हीही नोंद घेण्यासारखी गोष्ट.

ऑक्सची वाट फेडरच्या आधी फुटते की नंतर, हा आणखी एक बारकावा. मॉनिटरसाठी ती आधी फुटायला हवी, म्हणजे प्री-फेडर. मग प्रेक्षकांसाठी बासरी वर-खाली केली तरी बासरीवाल्याच्या मॉनिटरमध्ये काही हलत नाही. टॅब्लेटवर एखादा ऑक्स निवडला की पडद्यावरचे सगळे फेडर त्या ऑक्सचे होतात, जणू तो एक स्वतंत्र मिक्सर आहे. गायिका म्हणते, "दादा, मला माझा आवाज येत नाहीये." दादांनी तिच्या ऑक्सवर बोट ठेवायचं, तिचा फेडर दोन बोटं वर न्यायचा, झालं. अॅनलॉग मिक्सरवर हेच काम करताना नॉबांच्या जंगलात तिसरी ओळ, नववा रकाना शोधावा लागायचा.

त्याच्याही पुढची सोय म्हणजे वादकाने स्वतःच्या फोनवर स्वतःचा मॉनिटर लावणे. त्यासाठी कंपनीचंच वेगळं छोटं अॅप आहे, आणि जाणकार मंडळी मिक्सिंग स्टेशन हे अॅप वापरतात. यात तंत्राइतकीच माणसांच्या स्वभावाचीही समज आहे. आपला आवाज आपल्या हाताने वाढवता आला की वादकाची तक्रार निम्मी होते, कारण तक्रार कुणाकडे करायची हा प्रश्नच उरत नाही. मात्र कुणाच्या फोनवर कुठला ऑक्स हे कार्यक्रमाआधी नीट बसवून घ्यावं, नाहीतर ढोलकीवाला मनापासून निवेदकाचा मॉनिटर सजवत बसतो.

मर्यादाही इथेच आहे. कानात घालायचे इन-इअर मॉनिटर स्टिरिओ हवे असतील तर एका माणसामागे दोन ऑक्स जातात, आणि सहाचे बघता बघता तीन होतात. मग अल्ट्रानेट नावाचा पोर्ट कामी येतो. एका नेटवर्क केबलवरून सोळा चॅनल बाहेर जातात आणि प्रत्येक वादकासमोर एक छोटा व्यक्तिगत मिक्सर ठेवता येतो. पण ते मिक्सर वेगळे विकत घ्यावे लागतात, आणि चार-पाच घेतले की खर्च कुठल्या कुठे जातो.

आता एक चॅनल जवळून पाहू, तबल्याचाच घेऊ. प्रत्येक चॅनलमध्ये लो-कट, गेट, चार पट्ट्यांचा पॅरामेट्रिक इक्वलायझर आणि कंप्रेसर असतो. तबल्याच्या चाटेचा टणत्कार वरच्या भागात, शाईचा नाद मधल्या भागात. लो-कट इथे निर्धास्त वर न्यावा, म्हणजे मंचाची धडधड आणि शेजारचा डग्गा त्यात घुसत नाही. डग्ग्याचं मात्र उलट. त्याचा घुमारा शंभर हर्ट्झच्या खालीही पसरलेला असतो. सवयीने सगळ्या चॅनलना शंभरचा लो-कट लावणारा माणूस डग्ग्याचा जीवच काढून घेतो आणि मग "बायाँ बोलत नाही" म्हणून आवाज वाढवत राहतो. गेटही तबल्याला जपून लावावा. तालाच्या ठळक मात्रा तो सोडतो, पण मधल्या बारीक बोलांवर दार बंद करतो, आणि उस्तादांचं अर्धं काम प्रेक्षकांपर्यंत पोचतच नाही.

खरी कसोटी लागते शिट्टी आल्यावर. मेन आणि सहाही ऑक्सवर एकतीस पट्ट्यांचा ग्राफिक इक्वलायझर मिळतो आणि कुठल्या कंपनसंख्येवर आवाज उसळतोय हे शंभर पट्ट्यांच्या आलेखावर डोळ्यांना दिसतं. समजा, गायकाची पट्टी काळी एक आहे. तबला त्याच षड्जाला लावलेला, म्हणजे साधारण २७७ हर्ट्झ. त्याच आसपास मॉनिटर घोंगावू लागला की घाईत माणूस ग्राफिकची २५० ची पट्टी खाली ओढतो. घोंगावणं थांबतं. पण एकतीस पट्ट्यांतली प्रत्येक पट्टी एक तृतीयांश सप्तक व्यापते, आणि त्या पट्टीत षड्जही असतो. मग तबला सुरात असून सुरात वाटत नाही, हार्मोनियम पोकळ होते, गायक न कळत ताणून गाऊ लागतो. एक्सआर १८ मध्ये त्याच ऑक्सला ग्राफिकऐवजी सहा पट्ट्यांचा पॅरामेट्रिक इक्वलायझर लावता येतो. अगदी चिंचोळी खाच करून ती २७७ च्या शेजारी, नेमकी जिथे आवाज उसळतोय तिथेच ठेवता येते, आणि षड्जाला धक्का लागत नाही. पाश्चात्त्य बँडमध्ये सूर सतत बदलत असल्याने ही चूक लपते. आपल्याकडे एकच षड्ज दोन-तीन गाणी कानाशी बसून असतो, म्हणून ती लगेच उघडी पडते.

शिट्टीचं गणितही इथे आठवावं. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारा आवाज तीन डेसिबलने घटतो. एका माइकच्या जागी सोळा उघडे ठेवले तर बारा डेसिबल गेले. म्हणून जो गात नाही त्याचा माइक बंद, हा मिक्सिंगचा पहिला संस्कार. या कामासाठी म्यूट ग्रुप आहेत. तीन गायक एका बटणावर, ताल विभाग दुसऱ्यावर. सत्कार समारंभासाठी तर एक खास गुण आहे: डॅन ड्यूगन यांनी बसवलेल्या पद्धतीवर चालणारं ऑटोमिक्स. टेबलावर चार माइक, बोलणारा एक, बाकीचे शाल सावरतायत, नारळ घेतायत. ऑटोमिक्स जो बोलतो त्याचा माइक उघडतं आणि बाकीच्यांचे दाबतं. आपल्याकडे सत्काराविना कार्यक्रम होत नाही, तेव्हा ही सोय किती मोलाची ते सांगायला नको.

इफेक्टबद्दल थोडक्यात. एकाच वेळी चार इफेक्ट, रिव्हर्ब आणि डीले चांगल्या प्रतीचे. भावगीताला आखूड प्लेट रिव्हर्ब, गझलेला जरा लांब, निवेदकाला शून्य. रिव्हर्ब मॉनिटरमध्ये सोडू नये, आणि गाणं संपून बोलणं सुरू झालं की तो बंद करावा. एवढं पाळलं की पुरे.

डिजिटलमुळे आवाज उशिरा येतो, अशी शंका जुने वादक हमखास काढतात. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. आत शिरून बाहेर पडायला या मिक्सरला साधारण एक मिलिसेकंद लागतो. म्हणजे मॉनिटर फूटभर मागे सरकवला तर जेवढा फरक पडेल, तेवढाच. तबलजी कीबोर्डवाल्यापासून दहा फूट दूर बसलेला असताना त्याची चिंता करण्यात अर्थ नाही.

आता उणिवा. सगळ्यात मोठी बिनतारी जोडणीची. पेटीत वाय-फाय आहे आणि एका छोट्या तीन-टप्प्यांच्या बटणाने ठरतं की पेटी केबलने जोडायची, दुसऱ्या नेटवर्कला जोडायची की स्वतःच नेटवर्क द्यायचं. पण आतला रेडिओ २.४ गिगाहर्ट्झवरच चालतो. त्याच पट्ट्यात सभागृहातल्या शेकडो फोनांची गर्दी, आणि माणसांच्या शरीरातलं पाणी या लहरी शोषतं. रिकाम्या सभागृहात साउंडचेकला उत्तम चाललेला टॅब्लेट प्रेक्षक बसल्यावर अडखळू लागतो तो यामुळेच. उपाय जुना आणि खात्रीचा: ५ गिगाहर्ट्झ देणारा वेगळा राउटर घ्यावा, तो मिक्सरला केबलने जोडावा आणि उंच स्टँडवर, माणसांच्या डोक्यांच्या वर ठेवावा. जोडणी तुटली तरी आवाज बंद पडत नाही, मिक्सर शेवटच्या स्थितीत वाजत राहतो. तुटतो तो फक्त आपला हात.

दुसरी उणीव विजेची, आणि ती यंत्राची कमी आणि आपल्या मांडवांची जास्त. वीज जाऊन जनरेटर सुरू व्हायच्या मधल्या क्षणात अॅनलॉग मिक्सर डोळे मिटून उघडतो. डिजिटल मिक्सर पुन्हा सुरू व्हायला वेळ घेतो, आणि राउटर त्याहूनही जास्त. तेवढ्या वेळात निवेदकाने विनोद कितीही सांगितले तरी ते पहिल्या रांगेच्या पुढे पोचत नाहीत. मिक्सर आणि राउटर दोन्ही छोट्या यूपीएसवर असावेत. त्यात काटकसर करू नये.

तिसरी उणीव रेकॉर्डिंगची. अठरा चॅनल वेगवेगळे रेकॉर्ड होतात, पण त्यासाठी लॅपटॉप यूएसबीने जोडावा लागतो. पेनड्राइव्ह खुपसून रेकॉर्ड करण्याची सोय धाकट्या एक्सआर १६ आणि १२ मध्ये आहे, थोरल्यात नाही. मात्र लॅपटॉप जोडलाच तर एक मोठा लाभ पदरात पडतो. कालच्या कार्यक्रमाचे ट्रॅक आज त्याच चॅनलांतून परत सोडता येतात. बँड यायच्या आधी रिकाम्या सभागृहात बँडचा साउंडचेक. उघड्यावरच्या कार्यक्रमाला २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहाला लाउडस्पीकर थांबवावा लागतो, तेव्हा साउंडचेकला वाचलेली वीस मिनिटं म्हणजे चार गाणी. एकदा बसलेलं सगळं स्नॅपशॉट म्हणून जपून ठेवता येतं, हेही याच हिशेबात जमा.

फेडर नसणं ही उणीव की गुण? दोन्ही. टॅब्लेट हातात असला की साउंडवाला उठून शेवटच्या रांगेत जातो, बाल्कनीखाली उभा राहतो, लोक जे ऐकतात तेच ऐकून आवाज लावतो. विंगेत बसून अंदाजाने लावण्यापेक्षा हे केव्हाही चांगलं. पण काचेला स्पर्श नसतो. गायक तिहाईवर समेला येताना बोट फेडरवर ठेवून नजर रंगमंचावर ठेवता येत नाही. नजर काचेवरच ठेवावी लागते. ज्यांना हाताखाली फेडर हवाच, त्यांनी अॅलन अँड हीथचा २०१३ चा क्यू-१६ पाहावा. सतरा मोटरवाले फेडर, सोळा प्रीअँप, पेनड्राइव्हवर मल्टिट्रॅक रेकॉर्डिंग, आणि मॉनिटरसाठी चार मोनो व तीन स्टिरिओ मिक्स. बाहेरच्या वाटांच्या हिशेबात तो एक्सआर १८ च्या पुढे आहे. वजन, जागा आणि किंमत या तिन्हींतही.

बाकीच्यांचीही दखल घ्यायला हवी. साउंडक्राफ्टचा यूआय २४आर कुठल्याही ब्राउझरमध्ये चालतो, अॅप लागत नाही. त्याला आठ ऑक्स आहेत आणि वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवरही चालतं. अॅलन अँड हीथने २०२३ मध्ये काढलेला सीक्यू-१८टी ९६ किलोहर्ट्झवर चालतो, सात इंची पडदा पेटीवरच आहे, त्यामुळे टॅब्लेट बिघडला तरी काम अडत नाही. गेन लावायला आणि शिट्टी पकडायला तो स्वतः मदत करतो, आणि एसडी कार्डावर रेकॉर्ड करतो. साउंडचं शिक्षण नसलेल्या बँडसाठी आज पहिली शिफारस करायची तर मी त्याची करेन. यामाहाचा डीएम ३ त्याच वर्षीचा, नऊ फेडर आणि नऊ इंची पडद्याचा, संस्थांच्या सभागृहांना जास्त शोभणारा.

मग एक्सआर १८ कुणी घ्यावा? ज्या बँडमध्ये गिटारवाला किंवा कीबोर्डवालाच साउंड सांभाळतो, जे महिन्यातून दोन-चार कार्यक्रम वेगवेगळ्या जागी करतात, ज्यांची गाडी छोटी आणि वेळ तोकडा आहे, आणि ज्यांचे मॉनिटर बहुतांशी वेज, म्हणजे मंचावर ठेवायचे स्पीकर, आहेत, त्यांनी. ज्यांचे सगळे वादक स्टिरिओ इन-इअरवर गेले आहेत किंवा ज्यांच्याकडे पगारी साउंड इंजिनिअर आहे, त्यांनी फेडरवाला, जास्त मिक्स देणारा मिक्सर घ्यावा. आणि घेणाऱ्यांनी सगळे पैसे पेटीत घालू नयेत. राउटर, यूपीएस आणि स्टँड यांचा हिशेब पहिल्याच दिवशी किमतीत धरावा, आणि मोठ्या मिक्सरऐवजी छोटा घेऊन जे वाचेल त्यातून दोन चांगले वेज मॉनिटर आणावेत. सहा ऑक्सचा मिक्सर असून मॉनिटर तीनच असतील, तर उरलेले तीन ऑक्स कुणाच्याच कामाचे नाहीत.